नावाचा सातबारा

वांद्रे पूर्वेची साहित्य सहवास ही लेखक-कवींची वसाहत. १९८१ च्या जुलैत विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात जॉन मॅकेन्रोने बियाँ बोर्गला हरवलं, त्या सुमारास या वसाहतीतला आठ वर्षांचा एक मुलगा मॅकेन्रोच्या पुरता नादी लागला होता. त्याने केस वाढवले, कपाळाला आणि मनगटांना पट्ट्या बांधल्या आणि रॅकेट घेऊन तो आवारात मिरवू लागला. वडील कीर्ती महाविद्यालयात मराठी शिकवायचे, कविता लिहायचे. पुढे थोरल्या भावाने, अजितने, त्याला शिवाजी पार्कात रमाकांत आचरेकरांकडे नेलं आणि रॅकेट मागे पडली. सचिन तेंडुलकरने हा किस्सा स्वतःच सांगितलेला आहे, त्यामुळे तो बहुतेकांना ठाऊक असेल.

मला मात्र या किश्शाने बरीच वर्षं छळलं. समजा, तो मुलगा आचरेकरांकडे गेलाच नसता. गुण तेवढेच, मेहनत तेवढीच, फक्त हातात बॅटीऐवजी रॅकेट. तर त्या घरात पैसा आला असता का? प्रश्न पोरकट आहे हे कबूल. पण त्याचं उत्तर शोधता शोधता मी जिथे पोचलो, तिथे पैशापेक्षा मालकीचा प्रश्न मोठा निघाला. खेळाडूच्या नावाचा सातबारा कोणाच्या नावावर आहे, हा तो प्रश्न.

मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. मुलुंडला राहतो. एका कार्यालयात सत्तावीस वर्षं कारकुनी केली. घाटकोपरपासून अंधेरीपर्यंतच्या रद्दीवाल्यांकडून जुनी क्रीडा-मासिकं आणि त्यातल्या जाहिराती जमवायचा नाद आहे. खेळावरचे लेख सगळेच जपून ठेवतात, जाहिराती कोणी ठेवत नाही. मी त्या सालवार लावत गेलो आणि एक गोष्ट नजरेत भरली. पन्नाशीच्या दशकातल्या अंकांत खेळाडूंचे फोटो भरपूर आहेत, पण त्यांच्या हातात विकायची वस्तू क्वचितच दिसते. अपवाद आहेत. सी. के. नायडूंनी १९४१ साली एका लिव्हर टॉनिकची जाहिरात केली होती. पुढे दादरच्या पारशी कॉलनीतल्या फारुख इंजिनियरचे चापूनचोपून बसवलेले केस ब्रिलक्रीमने घरोघर पोचवले. पण हे तुरळकच. बाकी खेळाडू नुसताच उभा असतो. कप हातात, मागे क्लबचे पदाधिकारी.

अशाच फोटोंत सांगलीचे नंदू नाटेकर असतात. त्यांची गोष्ट या विषयाच्या अगदी मुळाशी आहे. नाटेकर सुरुवातीला टेनिस खेळायचे. १९५१-५२ च्या सुमारास ज्युनियर राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ते रामनाथन कृष्णनकडून हरले आणि बॅडमिंटनकडे वळले. १९५६ मध्ये क्वालालंपूरची सेलांगोर स्पर्धा जिंकून ते परदेशात विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू झाले. १९६१ मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाला, त्या पहिल्या यादीतही त्यांचं नाव होतं. राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय मिळून शंभराहून अधिक विजेतेपदं. आजच्या हिशेबाने एवढ्यावर दोन पिढ्यांची सोय व्हावी. पण ते हौशी खेळाडू होते, आणि हौशी या शब्दाला तेव्हा कायद्याचा अर्थ होता. हौशी म्हणजे खेळातून पैसा न घेणारा. प्रवासखर्च, राहण्याची सोय आणि चांदीचा कप, एवढंच त्याचं. संघटना त्याच्या नावावर तिकिटं विकू शकायची. तो स्वतः आपलं नाव विकायला गेला, तर खेळाडूच राहत नसे.

नाटेकरांना हरवणाऱ्या कृष्णनचं काय झालं? तो १९५४ मध्ये विम्बल्डनचा ज्युनियर विजेता झाला, १९६० आणि १९६१ अशी सलग दोन वर्षं तिथल्या उपांत्य फेरीत पोचला. त्याआधी १९५९ मध्ये जॅक क्रेमर या अमेरिकी गृहस्थाने त्याला तीन वर्षांसाठी दीड लाख डॉलर देऊ केले होते. तेव्हाच्या पावणेपाच रुपयांच्या दराने सात लाखांच्या वर. क्रेमर व्यावसायिक टेनिसपटूंची फिरती मंडळी चालवायचा, एखाद्या नाटक कंपनीसारखी. आज या गावी, उद्या त्या गावी, मिळेल त्या सभागृहात जाळं ताणायचं आणि खेळ लावायचा. त्यात जो गेला त्याला विम्बल्डन बंद, डेव्हिस कप बंद. कृष्णनने नकार दिला. पुढे चेन्नईत त्याने गॅस वितरणाची एजन्सी चालवली. विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत रॉड लेव्हरशी खेळलेला माणूस आणि गॅस एजन्सी! या जोडीची आपल्याकडे कोणाला लाज वाटली नाही. उलट एजन्सी मिळाली म्हणजे माणूस मार्गाला लागला, असंच लोक म्हणाले असतील.

हौशीपणाची ही कल्पना इंग्रजांकडून आली आणि आपल्या मध्यमवर्गाच्या मनोवृत्तीत ती फार चटकन मुरली. विद्या विकू नये, कला विकू नये, तसा खेळही विकू नये. ज्यांच्या घरी गिरण्या होत्या त्यांना हे परवडत होतं. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना परवडत नव्हतं. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी त्यांना गावोगाव वर्गणी मागावी लागली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबा कांस्यपदक घेऊन परतले, बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, आणि मग त्यांनी कुस्त्या लावून लोकांचे पैसे फेडले. नोकरी लागली ती १९५५ मध्ये, पोलिसात. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवणाऱ्याची कमाई काय, तर फिटलेलं कर्ज आणि फौजदारकी.

*

नोकरी. मराठी खेळाडूच्या अर्थकारणातला हा सर्वांत मोठा शब्द आहे, आणि जगातल्या कुठल्याही क्रीडा-अर्थकारणाच्या पुस्तकात तो या अर्थाने सापडणार नाही.

अमेरिकेत खेळाडूला बक्षीस मिळालं, युरोपात क्लबचा पगार मिळाला. मुंबईत त्याला मस्टर मिळालं. टाटा, एसीसी, मफतलाल, स्टेट बँक, रेल्वे, महिंद्र यांचे संघ असायचे आणि संघासाठी माणसं भरली जायची. गोरेगावची निर्लॉन ही कृत्रिम धाग्याची कंपनी. तिच्या संघातून एके काळी सुनील गावसकर, संदीप पाटील आणि रवी शास्त्री खेळायचे. म्हणजे हिंदुस्थानच्या कसोटी संघाचा चांगला मोठा भाग पश्चिम उपनगरातल्या एका कारखान्याच्या पगारपत्रकावर होता! टाइम्स शील्डचे निकाल वर्तमानपत्रांत छापून यायचे ते कंपनीच्या नावाने. अमक्याचं शतक, तमक्या कंपनीचा विजय. जाहिरातीचे पैसे न मोजता कंपनीचं नाव रोज सकाळी लाखो घरांत पोचत होतं, आणि बदल्यात खेळाडूला मिळत होता दरमहा पगार. शोषण म्हणायचं का याला? मला तसं वाटत नाही, आणि त्याला कारण आहे.

आमच्या कार्यालयात खेळाडूंच्या कोट्यातून लागलेला एक कबड्डीपटू होता. सकाळी सही करायचा, चहा घ्यायचा आणि दुपारी तीनला सरावाला निघायचा. आम्ही बाकीचे त्याच्या टेबलावरच्या फायली उरकायचो आणि त्याच्या नावाने कुरकुरायचो. स्पर्धा जिंकून आला की मात्र पेढे खायला पहिले. बत्तिसाव्या वर्षी त्याचा गुडघा गेला. त्यानंतर तो सव्वीस वर्षं आमच्यासारखाच फायली हलवत बसला. पण बसला! गृहकर्ज मिळालं, दोन खोल्यांचं घर झालं, मुलीचं शिक्षण झालं, आज पेन्शन घेतो. व्यावसायिक खेळात गुडघा गेलेल्या माणसाला यातलं काहीही मिळत नाही. त्या नोकऱ्यांनी कोणाला श्रीमंत केलं नाही, पण खेळून भिकेला लागलेल्यांची संख्या बरीच कमी केली. बोरिवली, मुलुंड, डोंबिवलीच्या कितीतरी इमारतींत असे निवृत्त खेळाडू राहतात. दिवाणखान्याच्या शोकेसमध्ये ढाली असतात आणि खालच्या खणात भविष्यनिर्वाह निधीचे कागद.

निर्लॉनच्या त्या जागेवर आज काचेच्या इमारती आहेत, माहिती तंत्रज्ञानाच्या. कापूस आणि धागा गेला तशा नोकऱ्याही गेल्या, आणि त्या नोकऱ्यांवर उभं असलेलं खेळाचं एक सबंध राज्य हळूहळू ओसाड पडत गेलं.

*

आता जरा बाहेर बघू, म्हणजे गावसकर आणि तेंडुलकर कुठून आले ते कळेल.

हौशी आणि व्यावसायिक ही भिंत टेनिसने पाडली ती १९६८ मध्ये. एप्रिलमध्ये इंग्लंडातल्या बोर्नमथला पहिली खुली स्पर्धा झाली आणि त्याच वर्षी विम्बल्डनने पहिल्यांदा रोख बक्षीस दिलं. रॉड लेव्हरला २,००० पौंड, बिली जीन किंगला ७५०. २०२५ मध्ये हाच आकडा पुरुष आणि स्त्री दोन्ही विजेत्यांसाठी ३० लाख पौंडांवर गेला होता. स्त्रियांना विम्बल्डनने बरोबरीने पैसे द्यायला २००७ साल उजाडलं, आणि ती बरोबरी कोणी आपण होऊन दिली नाही. १९७० मध्ये नऊ बायका एक-एक डॉलरच्या करारावर सह्या करून वेगळ्या निघाल्या, स्वतःची स्पर्धा भरवली, तिथून ती लढाई सुरू झाली. पुरुष खेळाडूंनी १९७२ मध्ये आपली संघटना काढली आणि पुढच्याच वर्षी त्यातल्या ८१ जणांनी विम्बल्डनवर बहिष्कार घातला. कोर्टवरचा पैसा वाढला तो असा भांडून.

पण खरी संपत्ती कोर्टवर झालीच नाही. हे सगळ्यांत आधी ओळखलं एका फ्रेंच माणसाने. मगरीच्या टोपणनावाने प्रसिद्ध असलेल्या रने लाकोस्तने १९३३ मध्ये आंद्रे गिलिए या कापड-व्यावसायिकाच्या भागीदारीत शर्ट विकायला सुरुवात केली आणि छातीवर मगर शिवली. इंग्लंडच्या फ्रेड पेरीने तीन वेळा विम्बल्डन जिंकलं, व्यावसायिक झाल्यावर त्याला ऑल इंग्लंड क्लबचं सभासदत्वही गमवावं लागलं, आणि पुढे १९५२ पासून त्याच्या नावाचे शर्ट बाजारात आले. आज अंधेरीच्या मॉलमध्ये ती मगर छातीवर घेऊन फिरणाऱ्या पोरांना विचारा, लाकोस्त कोण होता? कंपनीचं नाव आहे, एवढंच सांगतील. खेळाडू पुसला जातो आणि नाव उरतं. सातबारा म्हणतो तो हा.

रॉजर फेडररच्या उदाहरणाने हिशेब स्वच्छ दिसतो. त्याने सगळ्या कारकिर्दीत बक्षिसांचे म्हणून सुमारे १३ कोटी डॉलर मिळवले. रक्कम प्रचंडच. पण २०१८ मध्ये एका जपानी कपडे-कंपनीशी त्याने दहा वर्षांचा करार केला, त्याची माध्यमांत छापून आलेली किंमत ३० कोटी डॉलर होती. म्हणजे एका करारात आयुष्यभराच्या बक्षिसांच्या दुपटीहून अधिक. आणि करार केला तेव्हा तो ३६ वर्षांचा, निवृत्तीला टेकलेला. त्याहून हुशारीची गोष्ट त्याने पुढच्या वर्षी केली. स्वित्झर्लंडमधल्या ऑन या बूट-कंपनीत त्याने भागीदारी घेतली. ती कंपनी २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात आली. जाहिरातीचे पैसे घेणं म्हणजे नाव भाड्याने देणं. भागीदारी घेणं म्हणजे नाव भांडवल म्हणून घालणं. भाडेकरू आणि घरमालक यांतला फरक चाळीत वाढलेल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

या व्यवहाराचा दलाल हा नवा माणूस. मार्क मॅककॉर्मॅक या अमेरिकी वकिलाने १९६० मध्ये गोल्फपटू अर्नोल्ड पामरचे व्यवहार हाती घेतले आणि त्यातून आयएमजी ही जंगी कंपनी उभी राहिली. खेळाडूने खेळायचं, सही करायची, बाकीचं आम्ही बघतो. बक्षिसातून थोडा हिस्सा, जाहिरातीतून मोठा. आपल्याकडे हा माणूस यायला पंचवीस वर्षं लागली.

*

१९८३ ची गोष्ट आठवून बघा. कपिलदेवच्या संघाने विश्वचषक जिंकला आणि मंडळाकडे खेळाडूंना द्यायला पैसे नव्हते. मग दिल्लीत लता मंगेशकरांनी कार्यक्रम केला, त्यातून सुमारे वीस लाख जमले आणि प्रत्येक खेळाडूला एक-एक लाख मिळाला. जगज्जेत्या संघाचं बक्षीस एका गायिकेच्या गळ्यातून आलं, यावर आज कोणाचा विश्वास बसणार नाही. खाशाबांच्या वर्गणीपासून हे फार लांब नाही. आधी पैसे मागायचे की नंतर, एवढाच फरक.

त्या संघात गावसकर होते. मुंबईकर मध्यमवर्गीय, पण हिशेबाला पक्के. माझ्या संग्रहात त्यांची दिनेश सूटिंग्जची जाहिरात आहे. सूट घातलेला, ताठ, आत्मविश्वासाने भरलेला माणूस. त्यांनी स्तंभ लिहिले, पुस्तकं लिहिली, १९८० मध्ये ‘सावली प्रेमाची’ या मराठी चित्रपटात नायकही झाले (अभिनयाबद्दल न बोललेलं बरं). पण १९८५ मध्ये सुमेध शहा यांच्याबरोबर त्यांनी प्रोफेशनल मॅनेजमेंट ग्रुप ही कंपनी काढली, ते त्यांच्या शतकांइतकंच महत्त्वाचं काम मी मानतो. खेळाडूंचे स्तंभ आणि करार एका छताखाली आणणारी अशी व्यवस्था भारतात आधी नव्हती. निर्लॉनच्या नोकरदाराने नावाची मालकी आपल्याकडे घेतली आणि दुसऱ्यांच्या नावांचाही व्यवहार सुरू केला. त्या काळी त्यांना ‘पैशावर डोळा असलेला’ म्हणणारे कमी नव्हते. हे म्हणणाऱ्यांत आमचे वडीलही होते. त्यांची सगळी हयात सरकारी नोकरीत गेली होती.

मग आला तो साहित्य सहवासातला मुलगा.

तो १९८९ मध्ये कसोटी खेळला आणि दोनच वर्षांत देशात उपग्रह वाहिन्या आल्या. १९९३ च्या हिरो कपवरून बंगालची क्रिकेट संघटना आणि दूरदर्शन यांच्यात वाद झाला. तो सर्वोच्च न्यायालयात गेला आणि फेब्रुवारी १९९५ मध्ये निकाल लागला, की हवेतल्या लहरी ही सरकारची मक्तेदारी नव्हे, ती लोकांची मालमत्ता आहे. या निकालाकडे भाषणस्वातंत्र्याचा निकाल म्हणून पाहिलं जातं, ते बरोबरच आहे. पण क्रिकेटच्या पैशाचा बांधही तिथेच फुटला. सामने विकता येऊ लागले. त्याच वर्षी, १९९५ मध्ये, वर्ल्डटेलच्या मार्क मॅस्करेन्हसने तेंडुलकरशी पाच वर्षांचा करार केला. वृत्तपत्रांनी छापलेला आकडा तीस कोटींच्या आसपासचा होता. पुढच्याच वर्षीच्या विश्वचषकाच्या प्रक्षेपणाचे हक्कही त्याच कंपनीकडे होते. म्हणजे दुकान त्याचं आणि काचेच्या कपाटातला मालही त्याचाच. मॅस्करेन्हस जानेवारी २००२ मध्ये नागपूरजवळ मोटार अपघातात गेला, पण तोवर आपल्या सबंध देशाचं खेळाडूंच्या किमतीचं भान बदललं होतं.

१९९६ च्या विश्वचषकात तेंडुलकरच्या बॅटीवर कोणाचंच नाव नव्हतं. कोरी बॅट! मोक्याच्या नाक्यावरचा फलक रिकामा असावा, तसं. नंतर त्यावर टायरच्या कंपनीचं नाव आलं. टायरचा आणि बॅटीचा संबंध काय, असा प्रश्न आमच्या कार्यालयात चर्चेला आला होता. मजा म्हणजे आमच्याकडची पोरं एमआरएफ ही बॅट बनवणारी कंपनी आहे असंच समजून त्या नावाची बॅट मागायची.

पण मला या सगळ्यात सर्वाधिक रस आहे तो एका निकालपत्रात. तेंडुलकरला जाहिरातींतून परकीय चलनात मिळालेल्या पैशावर आयकर कायद्याच्या ८०आरआर या कलमाखाली वजावट हवी होती. एका वर्षाचं असं उत्पन्न सुमारे ५ कोटी ९२ लाख होतं आणि मागितलेली वजावट १ कोटी ७७ लाखांची. खात्याचं म्हणणं, तुम्ही क्रिकेटपटू, जाहिराती मिळतात त्या क्रिकेटमुळे, तुम्ही अभिनेते कसे? मुंबईच्या आयकर अपील न्यायाधिकरणाने २०११ मध्ये तेंडुलकरच्या बाजूने कौल दिला. कॅमेऱ्यासमोर उभं राहून जाहिरात करणं हा अभिनय आहे, असं मान्य झालं. करसल्लागारांना यात फक्त युक्ती दिसेल. मला त्यात आपल्या सगळ्या विषयाचं सार दिसतं. मैदानावरचा खेळ एक आणि मैदानाबाहेरचा उद्योग दुसरा, हे कायद्याने लिहून दिलं. आणखी गंमत म्हणजे त्या कलमाची यादी सुरू होते ती लेखक, नाटककार, कलावंत, संगीतकार अशी. साहित्य सहवासातल्या जवळजवळ प्रत्येक दाराला ते कलम लागू होतं. फक्त त्याचा उपयोग होण्याइतके डॉलर त्या दारांत कधी आले नाहीत.

दारू आणि तंबाखूची जाहिरात करणार नाही, असा शब्द रमेश तेंडुलकरांनी मुलाकडून घेतला होता आणि तो त्याने पाळला. कोट्यवधींच्या बाजारात कवीच्या घराने घातलेली ही एकच अट. नाव विक, पण सगळ्याला विकू नकोस. हौशीपणाचा जुना संस्कार पार मेला नव्हता तर. मी स्वतः या अटीला फार मान देतो. नावाचा मालक तोच, ज्याला ‘नाही’ म्हणता येतं.

*

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. रॅकेटच हातात राहिली असती तर?

त्याचं अर्धं उत्तर बोरिवलीत आहे. रोहित शर्माचे आई-वडील डोंबिवलीला एका खोलीत राहायचे आणि तो बोरिवलीला आजी-आजोबांकडे वाढला. १९९९ मध्ये काकांच्या पैशाने तो क्रिकेटच्या शिबिरात गेला. प्रशिक्षक दिनेश लाड यांनी त्याला स्वामी विवेकानंद शाळेत यायला सांगितलं. शाळेची फी महिना २७५ रुपये, ती घरच्यांना झेपणारी नव्हती, म्हणून लाडांनी ती माफ करून घेतली. २००८ मध्ये आयपीएलच्या पहिल्याच वर्षी डेक्कन चार्जर्सने त्याला साडेसात लाख डॉलरला घेतलं. या दोन आकड्यांमध्ये नऊ वर्षं आहेत. ती पार करायला लागलं काय? एक मैदान, आंतरशालेय स्पर्धा, लोकलचा पास आणि फी माफ करणारा एक भला माणूस.

टेनिसमध्ये भला माणूस पुरत नाही. उपनगरात कोर्ट आहेत ती बहुतेक जिमखान्यांत आणि क्लबांत, सभासदांसाठी. शालेय संघ नावालाच. सोळाव्या वर्षांनंतर गुण वाढवायचे तर परदेशी जावं लागतं, कारण क्रमवारीचे गुण तिथल्या स्पर्धांत मिळतात. व्यावसायिक टेनिसच्या सर्वांत खालच्या पायरीवरची स्पर्धा एकूण १५,००० डॉलरची असते. ती सबंध जिंकली तर २,१६० डॉलर हाती येतात, पहिल्या फेरीत हरलं तर १५६. यात विमान, हॉटेल, प्रशिक्षक सगळं आपलं आपण. हरियाणाच्या सुमित नागलने २०२३ मध्ये सांगितलं होतं, की खात्यात ९०० युरो उरले आहेत. तेव्हा तो भारताचा अव्वल क्रमांकाचा खेळाडू होता! चारच महिन्यांनी ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये तो दुसऱ्या फेरीत गेला आणि एका विजयात त्याला १ लाख ८० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले. पहिल्या शंभरात असाल तर पोट भरतं, दोनशेत असाल तर काढाकाढी. २०२४ पासून पुरुषांच्या संघटनेने पहिल्या अडीचशे जणांना किमान उत्पन्नाची हमी देणारी योजना आणली, म्हणजे ही काढाकाढी तिथल्या लोकांनाही दिसली आहे.

क्रिकेटने नाव होण्याआधीची वर्षं नोकरीने, शाळेने, मंडळाने सांभाळली. टेनिसने ती घरावर टाकली. म्हणून आपल्याकडे टेनिसमध्ये तेच पुढे गेले, ज्यांच्या घरात खेळ आधीपासून होता. नाटेकरांचा मुलगा गौरव वडिलांनी सोडलेल्या खेळात परत गेला आणि १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत लिएंडर पेसबरोबर दुहेरीचं सुवर्णपदक घेऊन आला. महेश भूपतीने २००२ मध्ये ग्लोबोस्पोर्ट काढली आणि मुंबईत जन्मून हैदराबादेत वाढलेल्या सानिया मिर्झाचे व्यवहार तिथून पाहिले गेले. ज्याच्या हातात रॅकेट, त्यानेच दुकान टाकलं. गावसकरांचीच वाट.

आमच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर एक कुटुंब राहतं. मुलगी चौदा वर्षांची, टेनिस खेळते, चांगली खेळते. वडील खाजगी कंपनीत आहेत. त्यांनी एक वही घातली आहे, ती एकदा मला दाखवली. कोर्टाचं भाडं, चेंडूंचे डबे, गटिंग, बूट, प्रवेश फी, रेल्वे, लॉज, फिजिओ. डावीकडे खर्चाचा रकाना आणि उजवीकडे जमेचा. जमेच्या बाजूला तीन वर्षांत दोन नोंदी आहेत, आणि त्यातली एक मामाने दिलेले अकरा हजार. मी त्यांना म्हटलं, ‘या वयात सगळा खर्च नाव करण्याचा असतो.’ ते म्हणाले, ‘ते ठीक आहे हो, पण नाव झालं नाही तर ही वही कोणाला दाखवायची?’

मला उत्तर सुचलं नाही. आमच्या कबड्डीपटूला ही वही कधी घालावी लागली नव्हती, हे तेवढं आठवलं.

गेल्या आठवड्यात लिफ्टमध्ये भेटले. पाठीवर रॅकेटची पिशवी अडकवून मुलगी पुढे उभी होती. कोल्हापूरला स्पर्धा होती, महालक्ष्मी एक्सप्रेसचं एक तिकीट पक्कं झालेलं, दुसरं वेटिंगवर. तळमजला येईपर्यंत ते मोबाइलवर वेटिंगचा आकडा बघत होते.